रविवारी वारला, शनिवारी पोचला

पेनिआमिना रविवारी वारला आणि शनिवारी घरी पोचला. हसू नका, मी शुद्धीवर आहे. तेव्हा आमचं सामोआ वारांच्या रेषेच्या त्या बाजूला होतं. ऑकलंडला रविवार उजाडला तरी आमच्याकडे शनिवारच रेंगाळत असायचा. विमानाला लागायचे चार तास. रविवारी सकाळी तिथून निघालेला माणूस शनिवारी दुपारी आमच्या गावावरून घरघरत जायचा, आणि पलीकडच्या विमानतळावर उतरायचा. अशा माणसाला आठवड्यात दोन रविवार मिळायचे, म्हणजे पाद्रीबुवांचं प्रवचन दोनदा, म्हणून आम्ही त्याची कीव करायचो. एवढीच काय ती आमची चेष्टा. पण मेलेल्या माणसाची चेष्टा कशी करणार?

गोष्ट मात्र त्याची नाही, त्याच्या थोरल्या बहिणीची आहे. वाइतोआची.

वाइतोआ सिआपो करायची. तुतीची साल कुटून कुटून तिचं कापड करतात ना, ते. सकाळी तिच्या लाकडी ठोकण्याचा आवाज सुरू झाला की गाव उठायचं. हात कामाला आणि तोंड गावाला, अशी बाई. कोणाची सून आळशी, कोणाचं डुक्कर कोणाच्या अळूत शिरलं, सगळं त्या ठोक्यांच्या तालावर चालायचं. पाद्रीबुवासुद्धा तिच्या घरावरून जाताना पावलं जरा उचलूनच टाकायचे. मन वाईट नव्हतं हो तिचं. लेइतूला, तिच्या एकुलत्या एका मुलीला, साधा ताप आला तरी ही दारात बसून ढसाढसा रडायची. पण जीभ! ती जीभ देवाने जरा घाईतच बनवली होती.

आणि आमच्याकडे बहिणीची जीभ म्हणजे खेळ नव्हे. भाऊ गावचा प्रमुख असो नाहीतर चर्चचा खांब असो, बहिणीपुढे तो आवाज चढवत नाही. बहीण भावाला वाईट बोलली तर ते लागतं. लागतंच. ते काढायचं तर तिनेच काढायचं, तेही समोरासमोर. शहाळ्याचं पाणी तोंडात घ्यायचं, मनातला राग त्यात विरघळू द्यायचा, आणि भावावर फुंकायचं. मग सुटला तो.

पेनी, म्हणजे पेनिआमिना, तरुणपणीच ऑकलंडला गेला तो गेलाच. तिथे लग्न झालं, सेफिना झाली, बायको वारली, पण राहण्याचे कागद काही धड झाले नाहीत. तिथून बाहेर पाऊल टाकलं असतं तर परत आत शिरता आलं नसतं. म्हणून आई वारली तेव्हा तो आला नाही. घरापुढे खड्डा खणून तयार, सगळं गोत जमलेलं, आणि वाइतोआ विमानाच्या वाटेकडे डोळे लावून उभी. विमान वरून निघून गेलं, त्यातून पेनी काही उतरला नाही. तेव्हा ही त्या खड्ड्याच्या काठावर सगळ्यांसमोर म्हणाली, "आईला माती द्यायला ज्याचे पाय इथे लागले नाहीत, त्याचे पाय या मातीला कधीच न लागोत."

एक म्हातारी उठून चालती झाली.

पुढे पेनीचे कागद झाले, पण तोवर पोटात दुखणं धरलं होतं. डॉक्टरांनी हात टेकले. मग एका शनिवारी सकाळी, म्हणजे त्याच्या रविवारी, त्याचा फोन आला. वाइतोआ साल कुटत होती. लेइतूने फोन तिच्या कानाला लावून धरला.

"ताई, आज निघतोय मी. विमानतळावरच आहे."

"बरं. अंगात स्वेटर घातलायस का? विमानात गारठा असतो म्हणतात."

"ताई, ऐक ना. ते तू बोलली होतीस ते... मागे घे ना. आत्ताच घे. फोनवर."

ठोकणं थांबलं. लेइतू सांगते, आईचा चेहरा क्षणभर अगदी मऊ झाला होता. ओठ हललेसुद्धा. पण मग ते इतकी वर्षं वाट बघणं आडवं आलं. "फोनवर कसलं घ्यायचं रे? ये आधी. इथे पायरीवर बस, मग बघू. चार तासांचा तर प्रश्न आहे."

"बरं, चार तास," पेनी म्हणाला आणि हसला. हसता हसता त्याला खोकला लागला आणि फोन बंद झाला.

वाइतोआने चुलीत दगड तापवायला घातले, आमच्याकडे तापल्या दगडांवरच अन्न भाजतात. लेइतूला झाडावर चढवून शहाळं उतरवून घेतलं, सगळ्यात चांगलं, आणि ते घराच्या पायरीवर ठेवलं. दुपारी विमान गावावरून गेलं. ती अंगणात उभी राहून बघत होती. शहाळं काही फुटलं नाही.

विमानातल्या पोरीने उतरायच्या आधी सगळ्यांना जागं केलं, तेव्हा मागच्या खिडकीपाशी झोपलेला माणूस जागा झाला नाही. कधी गेला, कुठे गेला, कोणालाच ठाऊक नाही. निघताना बोलत होता, उतरताना गार होता, एवढंच.

घरी आणला तेव्हा तो अनवाणी होता. वाइतोआला ते फार लागलं. "एवढी वर्षं त्या शहरात राबला आणि पायात घालायला काही नाही त्याच्या? असा पाठवतात माणसाला?" तिने स्वतः त्याचे पाय पुसले आणि पांढरे नवे मोजे चढवले. मग सगळ्यांसमोर शहाळं फोडलं, पाणी तोंडात घेतलं, भावावर फुंकलं. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण मी सांगते, मी तिची शेजारीण, मी तिथे होते, तिचे डोळे कोरडे होते. तिने पाणी फुंकलं ते लोकांसाठी. आतून ती अजून चिडलेलीच होती, की मेल्या, एवढंसं थांबता आलं नाही तुला?

रविवारी चर्चची घंटा झाली तेव्हा ती उठली नाही, भावाच्या उशाशीच बसून राहिली. विमानवाल्यांनी तिकडचा वार धरून कागदावर मरणाचा दिवस रविवार लिहिला होता. आणि आमच्याकडे तर रविवार आत्ता कुठे उजाडला होता. वाइतोआ मला म्हणाली, "बघ गं, कागदाप्रमाणे हा अजून जिवंत आहे. आत्ता विमानतळावर बसून मला फोन करत असेल." आणि तिने फोनकडे असं बघितलं की मी फोन उचलून पलीकडच्या पेटीत ठेवून दिला.

सोमवारी त्याला आईच्या शेजारी, घरापुढेच पुरलं. दगडावर शनिवारची तारीख घालायची की रविवारची यावर पाद्रीबुवा आणि घरातले पुरुष भांडत बसले. शेवटी दगड कोराच राहिला.

मग सुरू झालं.

आधी छपरावर. आमची घरं म्हणजे नुसते खांब आणि वर छप्पर, भिंती नाहीत, कोण येतं-जातं ते सगळं दिसतं. भर दुपारी त्या छपरावर कोणीतरी चालायचं. उंदीर म्हणावं तर पावलं जड. बाहेर येऊन बघावं तर वर कोणी नाही. मग तोच आवाज नीरफणसाच्या फांदीवर. दिवसा झोपणारी वटवाघळं एकदम फडफडून उडून जायची आणि रिकामी फांदी खाली वाकायची, कोणीतरी बसल्यासारखी. तुळईला टांगलेली टोपली झुलायची. घरी आणला तेव्हा पेनीच्या अंगाला बामाचा वास होता, तोच वास यायचा, पण तो जमिनीवर बसलेल्याला यायचा नाही, उभं राहून मान वर केली तरच यायचा. आणि शनिवारी विमान गावावरून गेलं की कुत्री भुंकायची नाहीत. पोट जमिनीला लावून पडून राहायची आणि वर बघायची.

"तो खाली उतरत नाहीये," वाइतोआ एक दिवस म्हणाली. मी म्हटलं, "गप गं, काहीतरीच." पण मला माहीत होतं. गावात सगळ्यांना माहीत होतं. कोणी बोलत नव्हतं इतकंच.

नंतर लेइतूचं बिघडलं. धडधाकट पोर, नारळाच्या झाडावर माकडासारखी चढणारी. तिने जेवण टाकलं. सामानाच्या उंच पेटीवर जाऊन बसली आणि पाय वर ओढून घेतले. जमिनीला पाय लावायला गेलं की किंचाळायची. दवाखान्यात नेली, तिथल्या डॉक्टरला काही सापडलं नाही. आणि एका सकाळी वाइतोआ तिला कोको पाजत असताना तिने आईचा हात धरला. आवाज तिचाच होता, पण बोलायची ढब तिची नव्हती.

"ताई," ती म्हणाली. "खाली घे ना मला. पाय लोंबकळतायत गं कधीचे."

वाइतोआच्या हातातला वाडगा पडला. लेइतूने तिला जन्मात कधी ताई म्हटलं नव्हतं.

गावात जडीबुटी करणारी फुआताई म्हणून म्हातारी होती. तिला बोलावलं. तिने लेइतूचे तळवे हाताने चाचपले आणि वाइतोआकडे बघितलं. "हा घरी पोचलेलाच नाही. तुम्ही पुरलंत ते नुसतं शरीर. आपली जुनी माणसं काय करायची? लढाईत, समुद्रात माणूस गेला की जिथे गेला तिथे सिआपो अंथरायची आणि बसून राहायची. एखादा जीव त्यावर चढतो, किडा-मुंगी, काहीही. झटकायचा. परत आला, परत झटकायचा. तिसऱ्यांदा आला की तोच आपला माणूस. गुंडाळून घरी आणायचा."

"पण हा वरती गेला," वाइतोआ म्हणाली. "कुठे अंथरू? आभाळात?"

"कुठे गेला?"

"ठाऊक नाही कोणाला. ऑकलंड ते इथे, मध्ये कुठेतरी."

"मग मधलं सगळं अंतर अंथरून बस," फुआताई म्हणाली. "आणि लवकर कर. पोरीच्या पायातली धुगधुगी चाललीये."

पाद्रीबुवा म्हणाले हे सैतानाचं काम. वाइतोआ म्हणाली, "बुवा, सैतान असेल तर तो माझ्या घरचाच आहे, तुम्ही चहा घ्या."

जन्मात आपिआ शहराच्या पुढे न गेलेली बाई. तिने स्वतः कुटलेल्या सिआपोचा सगळ्यात मऊ तुकडा घडी करून छातीशी धरला आणि विमानात बसली. ऑकलंडला सेफिना घ्यायला आली होती. "आत्या!" म्हणून गळ्यात पडली. वाइतोआने तिला कधी पाहिलेलं नव्हतं, पण कपाळ बघितलं आणि तिला भडभडून आलं. पेनीचंच कपाळ.

घरी जेवताना वाइतोआने मनातलं विचारलंच. "पोरी, रागावू नकोस. पण बापाला असा अनवाणी कसा गं पाठवलास?"

सेफिनाचा घास हातातच राहिला. "मी कुठे पाठवलं, आत्या? बूट घालूनच निघालो होतो घरून. तुझ्याशी फोनवर बोलले आणि मग तिथेच बाकड्यावर बसून त्यांनी बूट काढले, मोजे काढले, माझ्या हातात दिले. म्हणाले, आता चार तासच राहिले, पाय मोकळे असू देत. उतरल्या उतरल्या मातीला लावायचेत. ताई बोलावतेय."

त्या पायांवर वाइतोआने स्वतःच्या हातांनी मोजे चढवले होते. पुढ्यातलं ताट तसंच राहिलं, आणि ती दोन्ही हात मांडीत घट्ट दाबून बसली.

परतीच्या विमानात तिने त्याचीच जागा मागून घेतली, मागची, खिडकीपाशी. विमान सुटायच्या आधीच मांडीवर सिआपो अंथरली. विमानातली पोर जेवणाचं ताट घेऊन आली. "आजी, तेवढं कापड बाजूला घेता?" वाइतोआने मान हलवली. पोर आमच्याकडचीच असावी, तिने कापड बघितलं, आजीचा चेहरा बघितला, आणि ताट घेऊन परत गेली. त्यानंतर त्या रांगेकडे ती फिरकली नाही.

ऑकलंडची जमीन मागे पडली. खाली नुसता समुद्र. वाइतोआ कापडावर डोळे लावून बसली. काही नाही. तिला वाटलं, इथे कुठला आलाय किडा, एवढ्या उंचीवर, एवढ्या गारठ्यात? लोक झोपले. कोणीतरी खोकलं, अगदी जवळून, आणि तिने वळून बघितलं तर शेजारची जागा रिकामी. बामाचा वास आला. आज तो वरून येत नव्हता, बरोबरीने येत होता.

मग खिडकीच्या फटीतून एक मुंगी निघाली. बारीक, तांबूस. सिआपोच्या काठावर थबकली आणि आत आली. वाइतोआने तिला झटकली. किती जड गेलं असेल ते! थोड्या वेळाने ती परत आली, त्याच काठाने. परत झटकली. आता ती येईना. समुद्र संपायला आला, विमान खाली झुकायला लागलं, आमच्या बेटाचा डोंगर दिसायला लागला. वाइतोआ ओठांतल्या ओठांत म्हणू लागली, "ये रे. ये ना रे, पेनी. आता कुठे गेलास?"

मुंगी तिसऱ्यांदा आली. सरळ कापडाच्या मधोमध चालत आली आणि थांबली. त्याच वेळी वाइतोआला वाटलं, आपले पाय लोंबकळतायत. खाली बघितलं तर दोन्ही पाय विमानाच्या जमिनीवर नीट टेकलेले. पण तळव्यांना काही कळत नव्हतं. तिने कापड चारी बाजूंनी गोळा केलं आणि गाठ मारली.

विमानतळावर सामान तपासणाऱ्या माणसाने ती गाठ बघितली. त्याने टोपी काढली आणि बाजूला झाला.

रविवारी निघालेली वाइतोआ शनिवारी दुपारी गावात पोचली. ऊन रणरणत होतं. सगळं गाव पेनीच्या थडग्याभोवती जमलेलं, मीही होते. लेइतूला पेटीसकट उचलून आणून बसवली होती, पाय पोटाशी. वाइतोआ चपला काढून थडग्यापाशी बसली. तिने मातीवर कापड ठेवलं आणि गाठ सोडली. मुंगी होती. ती कापडाच्या काठापर्यंत आली, पुढे माती होती, आणि ती मागे फिरली. दुसऱ्या काठाला गेली. मागे फिरली. वाइतोआने कापड तिरपं केलं तर तिच्या बोटावर चढली आणि मनगटापर्यंत गेली, पण खाली उतरेना.

फुआताईने शहाळं पुढे केलं. वाइतोआने पाणी तोंडात घेऊन फुंकलं. मुंगी भिजली, तिथेच राहिली. लेइतूचे ओठ निळे पडले होते.

"पाण्याने नाही उतरायचा तो," फुआताई हळूच म्हणाली. "आत काय धरून ठेवलंयस ते सोड."

आणि मग ती बाई फुटली. मी तिला आईच्या मरणाच्या वेळी रडताना बघितलं होतं, ते काहीच नव्हतं. "चुकले रे, पेनी! तू फोनवर मागितलंस आणि मी दिलं नाही. ओठावर आलं होतं रे, ओठावर, आणि मी गिळलं. चार तासांचा तर प्रश्न आहे म्हणाले. तू बूट काढून बसलास आणि मी... ते माझे शब्द माझ्याकडे परत दे. माझ्या अंगावर येऊ देत. तू उतर. ही तुझी माती आहे. उतर रे, बाळा."

मुंगी तिच्या मनगटावरून बोटावर आली. बोटाच्या टोकाशी थांबली. मग मातीवर उतरली, आणि आईच्या आणि त्याच्या थडग्यांमधल्या फटीत दिसेनाशी झाली.

कुत्री उठून अंग झाडायला लागली. पेटीवर लेइतूने पाय सोडले, जमिनीला टेकवले आणि चिडून म्हणाली, "इथे काय जमलेत सगळे? मला भूक लागलीये." बायका रडत हसत तिच्याकडे धावल्या. एवढ्यात घरात फोन वाजला, आणि मी तो आणून वाइतोआच्या कानाला लावला. ती उभी राहिली आणि बोलत बोलत अंगणातून चालायला लागली.

"आत्या, पोचलीस?" सेफिना होती. "आणि बाबा? उतरले?"

"उतरला गं. अनवाणी उतरला."

पलीकडून बराच वेळ रडणं ऐकू येत होतं. वाइतोआ कान देऊन उभी होती. ती चालत चालत चुलीपाशी गेली होती, जेवणासाठी तापवलेले काळे दगड तिथे नुकतेच पसरून ठेवले होते, आणि ती त्यांच्यावर उभी होती. मांस जळाल्याचा वास आधी लेइतूला आला.

"आई! अगं आई, बाजूला हो! पाय भाजतायत तुझे!"

वाइतोआने खाली बघितलं. पाय बघितले, पायांखालचे दगड बघितले. मग लेकीकडे बघून शांतपणे म्हणाली, "असू दे गं. मला खाली काही लागतच नाहीये."